हिरडा, हिराकस आणि डिंक: घरच्या शाईचा माझा अनुभव

मोडी लिपी शिकताना बोरूची लेखणी हातात आली की लगेच शाईचा प्रश्न उभा राहतो. फाउंटन पेनची शाई बोरूवर थांबतच नाही, ओघळते आणि हातकागदावर फुटते. ड्रॉइंगची शाई काळीभोर असते, पण बोरूच्या चिरेत वाळून बसते. दर चार ओळींनी टोक धुवायचं, मग परत बुडवायचं, तोवर मोडीचा ओघच तुटतो. म्हटलं, घरीच करून बघू.

‘नैसर्गिक शाई’ म्हणून सगळीकडे सांगतात ते आधी केलं: जास्वंद, बीट, हळद. दिसायला सुरेख. मग चार शायांची एकेक पट्टी खिडकीच्या काचेला चिकटवली, चौथी पुढे सांगितलेल्या हिरड्याच्या शाईची. हळदीचा पिवळा उन्हात सगळ्यात आधी उडाला, बीट तपकिरी झालं, जास्वंदीचा लाल तर कागदावर वाळतानाच निळसर राखाडी पडला होता. हिरड्याची पट्टी मात्र चिकटवली तेव्हापेक्षा गडद झाली. माझ्या मते पहिले तिन्ही रस आहेत, मुलांना रंगवायला ठीक. लिहिलेलं टिकायला हवं असेल तर वनस्पतीतल्या तुरटपणाला लोह भेटावं लागतं.

हिरडा आणायला रविवार पेठेतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात गेले. दुकानदार काकांनी विचारलं, “बाळहिरडा की सुरवारी?” बाळहिरडा म्हणजे आठळी धरायच्या आधीचं कोवळं फळ. औषधात जातं ते हे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली आदिवासी कुटुंबं ते गोळा करून, वाळवून विकतात. सुरवारी म्हणजे पुरता वाढलेला, पिवळसर, मोठा. कातडं कमावायला असाच पिकलेला हिरडा वापरत आले आहेत, कारण त्यात टॅनिन, म्हणजे तोच तुरटपणा, भरपूर असतं. मी सुरवारी मागितला आणि शाईसाठी हवाय असं सांगितलं. काका हसले नाहीत की काही नाही. “मग हिराकस लागेल ना, ताई,” म्हणत आतून पुडी आणली. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, फिकट हिरवे खडे. पिवळा-तांबडा भुगा झालेला असेल तर घेऊ नये, त्यातल्या लोहाला आधीच हवा लागलेली असते. काष्ठौषधीवाल्याकडे नाही मिळालं तर खताच्या दुकानात मिळतं.

तिथेच मायफळही दिसलं. हो, बाळगुटीतलं, उगाळायचं तेच. ते फळ नव्हेच, ओकच्या झाडावर एका किड्यामुळे आलेली गाठ आहे. युरोपात शेकडो वर्षं दस्तऐवज ज्या शाईने लिहिले गेले ती या गाठींचीच. आपल्याकडे हिरडा स्वस्त आणि मुबलक, त्यामुळे मी त्याच्यावरच राहिले.

साठ ग्रॅम हिरडा आठळी काढून खलबत्त्यात जाडसर कुटला आणि अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर निम्मा आटवला. लोखंडी कढई मुद्दाम टाळली. लोखंडात आवळा काळा पडतो ते सगळ्या घरांत माहीत आहे. इथेही तेच होतं, पण लोह किती उतरलं याचा हिशेब आपल्या हातात राहत नाही. काढा कोऱ्या चहासारखा दिसतो. थेंबभर जिभेवर ठेवला तर तोंड आवळून येतं.

घाई नसेल तर काढा लगेच गाळू नये. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ओट्याच्या कोपऱ्यात राहू द्यावा. वर पांढरी-हिरवी बुरशी धरते आणि घरातले नाकं मुरडतात. सासूबाईंनी तर दोनदा “हे टाकू का?” विचारलं. पण ती बुरशीच टॅनिन फोडून गॅलिक आम्ल मोकळं करते आणि शाई जास्त काळी उतरते. बुरशी काढून काढा मलमलच्या दुहेरी कापडातून गाळला आणि उरलेला पुन्हा उकळी आणून गार केला.

आता हिराकस. इथे हात आखडता हवा. जुन्या कृतींत तो सढळ हाताने टाकलेला असतो आणि त्याचं फळ जुन्या दस्तऐवजांवर दिसतं: शाईच्या रेघेवर कागद तपकिरी होऊन चिरतो, कधी अक्षरच गळून पडतं. आम्ल आणि जास्तीचं लोह दोन्ही कागद खातात. मी हिरड्याच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे सहा ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून हळूहळू ओतलं. पहिल्या थेंबाला काढ्यात निळसर काळी वावटळ फिरते. ते बघायला मुलगी ओट्याशी येऊन उभी राहिली होती.

डिंक बाभळीचा हवा. लाडवांसाठी कधीकधी धावड्याचा देतात, तो पुरता विरघळत नाही, गुठळ्या राहतात आणि बोरूची चीर बुजते. दहा-बारा ग्रॅम डिंक कोमट पाण्यात रात्रभर ठेवून, गाळून मिसळला. डिंकाने शाई बोरूला धरून राहते आणि काळे कण तळाशी बसत नाहीत. चार लवंगा बाटलीत टाकल्या, म्हणजे पुन्हा बुरशी धरत नाही.

लिहायला बसलं की पहिल्यांदा वाटतं, फसलं सगळं. अक्षर फिकं, राखाडी उमटतं. थांबायचं. हवेतला प्राणवायू लागला की लोहाचं रूप बदलतं आणि अक्षर डोळ्यांदेखत काळं होत जातं, दुसऱ्या दिवशी आणखी गडद. ते धाग्यांत मुरून पक्कं झालेलं असतं, वरून ओलं बोट फिरवलं तरी बहुतेक जागचं हलत नाही. काजळाच्या शाईचं उलटं. तीही करून पाहिली: तिळाच्या तेलाची पणती, वर पालथी पितळी थाळी, पिसाने काजळ उतरवायचं. काजळ इतकं हलकं की श्वासानेही उडतं, आणि नुसत्या पाण्यात मिसळत नाही. आधी डिंकाच्या पाण्यात कालवून तासन्‌तास घोटावं लागतं. ती उन्हाने फिकी पडत नाही, कागदालाही खात नाही, पण कागदाच्या वरच बसते, पाणी पडलं की पसरते. पोथीला मी तीच घेईन. रोजच्या सरावाला हिरड्याची.

फुटण्याचा प्रश्न मात्र एकट्या शाईने सुटला नाही. हातकागद कच्चा असेल तर कुठलीही शाई फुटतेच. तांदळाची पातळ पेज गाळून दोन्ही बाजूंना पुसली, कागद वाळवला आणि गुळगुळीत गोट्याने घोटला. मग बोरू सरसर चालायला लागला, वेलांटीचं टोकही केसाइतकं बारीक आलं.

वर्गातल्या दोघांनी बाटली मागितली. बोरूवाल्याला दिली. दुसऱ्याकडे महागडं फाउंटन पेन होतं, त्याला नाही म्हटलं, कारण ही शाई पेनाच्या आत गाळ धरते आणि साध्या लोखंडी निबला गंज चढवते. टाकाने लिहिणार असेल आणि प्रत्येक वेळी निब धुऊन कोरडी करणार असेल तर देईन म्हणाले. तो निब आणायला गेलाय.