पत्रिकेवर 'पणजी' वाचून पणजीत उतरू नका

गोव्यात एका साहित्य महोत्सवाला जाऊन आलो. आधी तिथल्या चढाचंच सांगतो, कारण पोटऱ्या अजून धरलेल्या आहेत.

व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या पत्रिकेत लेखकांची नावं ठळक होती आणि स्थळाच्या ओळीत शेवटी 'पणजी' होतं. सावंतवाडीच्या माणसाला पणजी म्हणजे कदंब स्टँड (गोव्याच्या सरकारी बसचा), त्याला लागून असलेला पाटो भाग आणि तिथून पायी. मी आणि आमचे सर (निवृत्त, पण चालण्यात मला मागे टाकणारे) त्याच हिशेबाने उतरलो. चौकशी केली तर सभागृह दोनापावलच्या टेकडीवर, म्हणजे आणखी सात-आठ किलोमीटर. शहरातली बस मिळाली, तिने एनआयओच्या (समुद्रविज्ञान संस्थेच्या) सर्कलला सोडलं आणि पुढे चढ. घड्याळ लावून चौदा मिनिटं, दुपारी साडेचारला, सावलीचं नाव नाही. अर्ध्यावर सर थांबले, टोपीने वारा घेतला आणि म्हणाले, "ही खंयची पणजी रे?" म्हणजे कुठली.

एवढ्यावर भागलं असतं. पत्रिकेत पाच म्हटलं होतं, पहिला वक्ता माइकसमोर आला तेव्हा सहाला दहा कमी होते. ज्या मराठी कवितावाचनासाठी आलो ते अर्ध्या तासात उरकलं. त्यातली दहा मिनिटं परिचयात गेली, तीही इंग्रजीतून. कवयित्रीने चौथी कविता काढली आणि निवेदकाने मनगटाकडे बोट दाखवलं. बाकीचं बरं होतं, चहा चांगला होता. पण एवढ्यासाठी सीमा ओलांडून यावं का? नाही.

खरी गंमत परतताना. पुस्तकांच्या टेबलावर मोह आवरला नाही, नऊ पुस्तकं घेतली. कापडी पिशवीचा एक बंद उताराच्या सुरुवातीलाच तुटला. ती बाळासारखी छातीशी धरून अंधारात उतरलो. सव्वाआठला सर्कलवर आलो, पाऊण तास उभे राहिलो, बस नाही. एक टॅक्सी थांबली. "पणजे? सातशें." मी म्हटलं, अहो, येताना बसला दोघांचे मिळून पन्नासही लागले नाहीत. तो म्हणाला, "पात्रांव, रातचें परतें भाडें मेळना." म्हणजे, मालक, रात्री परतीचं भाडं मिळत नाही. पाचशेवर तुटलं. मीटर लावा म्हणायचं त्राण नव्हतं. स्टँडवर पोचेपर्यंत म्हापशाची गाडी गेलेली. शेवटी मावसभाऊ घ्यायला आला आणि वाटेभर 'मला आधी फोन का नाही केलास' एवढंच ऐकवत राहिला. त्याचं बरोबर होतं.

तर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. गोवा आर्ट्स अँड लिटरेचर फेस्टिव्हल 2010 पासून दोनापावललाच होत आला आहे, इंटरनॅशनल सेंटरमध्ये. ज्ञानपीठवाले कोकणी लेखक दामोदर मावजो त्याच्या सूत्रधारांपैकी. तिथे जायचं तर दिवसभरासाठी जा, स्वतःची दुचाकी घेऊन जा, किंवा संध्याकाळचं शेवटचं सत्र सरळ सोडा. शेवटच्या सत्रात काय बुडतं त्यापेक्षा शेवटची बस बुडणं महागात पडतं. पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाले, दिवसा उत्तम, पण बसण्याआधी भाडं ठरवा. पिशवी मात्र पाठीवरची हवी.

एकाच ठिकाणी जमणार असेल तर कोसंबी विचार महोत्सव धरा. गणितज्ञ-इतिहासकार दामोदर कोसंबींच्या जन्मशताब्दीतून 2008 साली सुरू झालेली ही व्याख्यानमाला साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, कला अकादमीत असते. कला अकादमी कांपालला, मांडवीच्या काठी, वाट पूर्ण सपाट. स्टँडवरून चालत अर्धा-पाऊण तास, नदीच्या कडेने. मेनेझिस ब्रागांझा संस्थाही त्याच वाटेवर पडते, दारातल्या निळ्या टाइल्स बघायला पाच मिनिटं द्या. मराठीच ऐकायचं असेल तर पर्वरीला मराठी भवनातले कार्यक्रम बघा, उत्तरेकडून येणाऱ्याला ते पणजीच्या आधीच लागतं. फक्त पर्वरीत महामार्गावर उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून गाड्या तुंबतात, तासभर हाताशी ठेवून निघा.

दुसऱ्या दिवशी मडगावला गेलो, छान झालं, सांगण्यासारखं काही नाही. एवढंच, की रवींद्र भवन, म्हणजे तिथलं कार्यक्रमांचं सभागृह, फातोर्ड्यात आहे, मडगावच्या कदंब स्टँडच्या बाजूला. रेल्वे स्टेशन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून पणजीहून कदंबची शटल बसच बरी. तिचं तिकीट आधी खिडकीवर काढायचं, रांग लांब दिसली तरी घाबरू नका, भराभर सरकते.

मधे वेळ काढायचा असेल तर पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा, स्टँडपासून पाच-सात मिनिटं. 1832 सालची संस्था, इमारत नवी. सर तिथे तीन तास बसले, मला उठवेना. बाहेर पडताना त्यांनी माझ्या पिशवीतल्या नऊपैकी दोन पुस्तकं काढून दाखवली. ही दोन्ही वर कपाटात होती म्हणे.