सोर्यूने वाचवलं राव!

आज सुट्टी होती, बाहेर पडायचा कंटाळा, म्हणून ते 'लाझारस' एकदाचं संपवून टाकलं. २०२५ची जपानी अ‍ॅनिमे सिरीज, तेरा एपिसोड, डायरेक्टर शिनइचिरो वातानाबेची, अ‍ॅनिमेशन माप्पा स्टुडिओचं, मारामारी बसवायला 'जॉन विक'वाला चॅड स्टाहेल्स्की आणि म्युझिकला कमासी वॉशिंग्टन, म्हणजे कागदावर नुसती मेजवानी! स्टोरीपण भारी, २०५२ साल, हापुना नावाची पेनकिलर जगभर लोकांनी खाल्लीये आणि ती बनवणारा डॉ. स्किनर म्हणतो तीस दिवसांत मला शोधा नाहीतर मरा. आता एवढं टेन्शन असताना त्याला शोधणारी आपली टीम मात्र निवांत, दर एपिसोडला नवीन क्लू, नवीन जागा, टीममधल्या अ‍ॅक्सेलच्या भिंतीवरून उड्या आणि हाती भोपळा. मधे तर मी फोन बघत बसलेलो.

मग शेवटाकडे तो सोर्यू आला.

भाडोत्री मारेकरी, थेट अ‍ॅक्सेलच्याच मागावर, आणि पहिल्यांदाच वाटलं की हा गडी खरंच मरू शकतो. फोन बाजूला, पाठ ताठ. अरे हा माणूस तिसऱ्या एपिसोडला आणला असता तर काय बिघडलं असतं? स्किनर गेला उडत, मला सोर्यूची वेगळी सिरीज द्या.