कोणाला कळणार आहे?

मी अंतराळयानांची आणि ग्रहांची चित्रं काढतो. प्रश्न तुमचाच, शब्दही तुमचेच. “एवढं काटेकोर कशाला करत बसतोस? कोणाला कळणार आहे?” नातेवाईक विचारतात, चित्रं विकत घेणारे विचारतात. मुखपृष्ठाचं काम देणारे तर विचारतही नाहीत, थेट सांगतात: यानाच्या मागे ज्वाळा हव्यात आणि आकाशात भरगच्च तारे हवेत. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सगळं सांगतो, मग पुन्हा विचारू नका.

ज्वाळांचं आधी उरकतो. यानाची इंजिनं बहुतेक वेळ बंदच असतात. कॅसिनी या यानाला शनीपाशी पोचायला जवळजवळ सात वर्षं लागली आणि २००४ मध्ये कक्षेत शिरताना त्याचं मुख्य इंजिन चाललं ९६ मिनिटं. मधला बहुतेक सगळा प्रवास म्हणजे भिरकावलेला दगड. ताऱ्यांचं म्हणाल, तर उन्हातलं यान नीट दिसेल एवढाच उजेड कॅमेऱ्यात घेतला की मागचे तारे उमटत नाहीत. अपोलोच्या फोटोंत चंद्रावरचं आकाश काळंकुट्ट आहे ते त्यामुळेच. त्यावरून ‘हे सगळं स्टुडिओतलं’ म्हणणाऱ्यांशी भांडण्यात माझा बराच वेळ वाया गेलाय. म्हणजे खरं काढलेलं ज्यांना खोटं वाटतं, त्यांच्यासाठी मी खरं काढत बसतो. हे लिहिताना तुमचा प्रश्न मलाच जरा पटायला लागलाय, पण थांबा.

मी काही जन्मजात काटेकोर नाही. माझी सुरुवातीची चित्रं कोणी पाहिली असतील तर कृपा करून विसरा. जांभळे ढग, आकाशात एका रांगेत तीन चंद्र, आणि मंगळावरचा ऑलिम्पस मॉन्स सुळक्यासारखा ताठ! तो पर्वत २२ किलोमीटर उंच आहे, पण पसरलाय जवळपास ६०० किलोमीटर. उतार इतका मंद की त्याच्यावर उभं राहून तो पर्वत आहे हेही लक्षात येणार नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी सुळका काढला, कारण सुळका छान दिसतो. त्या वेळच्या मला कोणी हटकलं असतं तर मीच म्हणालो असतो, “कोणाला कळणार आहे?” आणि खरं सांगतो, तो माणूस माझ्यापेक्षा सुखात होता. संध्याकाळी बसायचा, रात्री चित्र पुरं करायचा.

मग नेपच्यूनचं चित्र झालं.

व्हॉयेजर-२ हे मानवरहित यान नेपच्यूनजवळून गेलं २५ ऑगस्ट १९८९ ला, ढगांच्या वर पाच हजार किलोमीटरच्या आत. तो क्षण मला हवा होता. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये यानाचं मॉडेल करायला चार आठवडे लागले. चुंबकमापकाचा तो १३ मीटर लांब जाळीदार दांडा एकेक काडी जोडत उभा केला. काळ्या वेष्टनावरच्या सुरकुत्यांसाठी स्वयंपाकघरातली फॉइल चुरगळून तिचे फोटो काढले. ३.७ मीटरची पांढरी डिश मी नेपच्यूनकडे वळवली. यान त्या निळ्या गोळ्याकडे टक लावून पाहतंय, आपण त्याच्या पाठीमागे उभे आहोत, आणि यानाच्या अंगावरची, पृथ्वीवरचे आवाज नोंदवलेली सोनेरी तबकडी उन्हात झळकतेय. रेंडर, म्हणजे संगणकानं मॉडेलवरून चित्र तयार करणं, दोन रात्री चाललं. पुरं झालेलं चित्र पाहून मी अर्धा तास खुर्चीतून उठलो नाही.

प्रदर्शनात त्याची सहा फुटी प्रत लागली. लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वयस्कर बाई आल्या. उपग्रहांच्या अँटेनांच्या कामातून निवृत्त झालेल्या, हे नंतर कळलं. बराच वेळ त्या चित्राच्या अगदी जवळ जाऊन पाहत होत्या. दांड्याच्या काड्या मोजतायत की काय असं वाटून मला बरंच वाटलं. मग वळून म्हणाल्या, “फार सुंदर आहे हो. पण हे यान बोलतंय कोणाशी?”

मला कळलंच नाही. त्यांनी डिशकडे बोट दाखवलं. “याचं तोंड नेपच्यूनकडे आहे. नेपच्यूनशी बोलतंय का?”

डिश म्हणजे यानाची पृथ्वीशी बोलायची अँटेना, ती पृथ्वीकडेच हवी. काय चुकलं ते त्याच क्षणी लख्ख दिसलं आणि त्याच क्षणी मी खोटं बोलायला लागलो. म्हणालो, त्या वेळी फोटो काढण्यासाठी वळलं असेल. त्या शांतपणे म्हणाल्या, “कॅसिनी वळायचं, त्याचे कॅमेरे अंगाला जखडलेले होते. व्हॉयेजरचे कॅमेरे वेगळ्या फिरत्या बैठकीवर आहेत. ते फिरतात, डिश पृथ्वीकडेच राहते.” मला हेही ठाऊक होतं. ती बैठक मीच तर बनवली होती, तिच्या सांध्यांसकट! तरी मी हटलो नाही. म्हणालो, “मग यान नेपच्यूनच्या आड गेलं असेल. तिथून पृथ्वी दिसतच नसेल.”

“मग ऊन कुठून आलं?”

यावर बोलायला काही उरलंच नाही. नेपच्यूनवरून पाहिलं तर पृथ्वी सूर्यापासून दोन अंशांपलीकडे कधी जातच नाही. पृथ्वी आड गेली की सूर्यही गेला. त्या बाई अजिबात रागावलेल्या नव्हत्या, उलट ओशाळल्या. निघताना म्हणाल्या, “तेवीस वॅटचा ट्रान्समीटर आहे तो. इथं ७० मीटरच्या डिश लावून आम्ही कान देऊन बसायचो म्हणा ना. तोंड जरा फिरलं तरी संपलं, म्हणून विचारलं.” ‘आम्ही’ म्हणाल्या. व्हॉयेजरवर त्या नव्हत्या, पण ते ‘आम्ही’ मला आजही ऐकू येतं.

चित्र मी उतरवलं नाही. आणखी दोन दिवस ते तिथंच होतं, लोक वाहवा करत होते आणि मी मान डोलवत होतो.

घरी येऊन यान फिरवलं. इथं खरी पंचाईत झाली, आणि ती कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. सूर्य कॅमेऱ्याच्या मागे ठेवला तर डिश थेट आपल्याकडे तोंड करते. समोर नुसतं पांढरंफटक ताट, बाकी सगळं त्याच्या आड. सूर्य बाजूला घेतला तर डिशची कड तेवढी उजळते आणि यानाचं धड तिच्या सावलीत जातं. डिश सतत पृथ्वीकडे, म्हणजे जवळपास सूर्याकडेच, आणि धड बरोबर तिच्या मागे. ती सोनेरी तबकडी धडावरच आहे. म्हणजे सगळ्यांना जी उन्हात झळकताना हवी असते, ती तिथं सावलीतच असते. हे मला कुठं वाचायला मिळालं नाही. रात्री दोन वाजता प्रोग्रॅममधला एकुलता एक दिवा फिरवताना ते दिसलं. तीन महिने मी त्या अंधाराशी झटत होतो. आधीच्या चित्रात कॅमेऱ्यामागे एक चोरटा दिवा लावला होता (तो त्या बाईंच्याही लक्षात आला नाही), तो या वेळी काढून टाकला. धडावर फक्त नेपच्यूनचा निळसर उजेड ठेवला. बाजूला पसरलेले दांडे तेवढे सावलीबाहेर येऊन उन्हात चमकतात.

माझ्या मते ते माझं सगळ्यात चांगलं चित्र आहे. लोक म्हणतात, “अंधार फार झालाय.” त्याच्या आजवर दोन प्रती गेल्या, त्यातली एक मीच भेट दिली.

म्हणजे तुमचं खरं? नाही. पण माझंही पुरतं खरं नाही, कारण २०२४ च्या सुरुवातीला ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिलं की नेपच्यून एवढा गडद निळा नाहीच. व्हॉयेजरचे ते फोटो बारकावे दिसावेत म्हणून गडद केलेले होते. खरा रंग फिकट, हिरवट निळा, युरेनसच्या बराच जवळचा. माझं चुकीचं चित्र चुकीचं होतंच, आता बरोबरही चुकीचं झालं. चेस्ली बोनेस्टेल या अवकाश-चित्रकारानं १९४४ मध्ये टायटन या शनीच्या चंद्रावरून दिसणारा शनी रंगवला, निळ्या निरभ्र आकाशात. २००५ मध्ये ह्युजेन्स यान टायटनवर उतरलं तर तिथं सगळं नारिंगी धुरकट. पण त्याला कोणी नावं ठेवत नाही, त्याच्या काळी ते माहीतच नव्हतं. मला डिशचं माहीत होतं. रंगाचं नव्हतं. या दोन चुका मला एका मापानं मोजता येत नाहीत, आणि रात्री जागं ठेवते ती पहिलीच.

पहिलं चित्र मी विक्रीतून काढलेलं नाही. दर महिन्याला कोणी ना कोणी ते मागतं आणि मी फाइल पाठवतो, डिशबद्दल एक शब्द न काढता. परवापासून नेपच्यूनचा रंग बदलायला घेतलाय. त्याच चित्रातला आधी, कारण मागणी त्यालाच आहे.