बेअरिंगचा आवाज: बाहेरच्या रेसवरची खाच एकदाची सापडली

मोटरच्या बेअरिंगमधला बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखायचा, असा माझा प्रयोग चालू आहे. त्यासाठी रोटरी टूलने बाहेरच्या रेसला (छरे ज्यावरून लोळतात त्या कड्याला) मुद्दाम पाडलेली खाच आता साध्या मायक्रोफोनवरही ओळखू येतेय. बेअरिंग ६२०३ क्रमांकाचं: आठ छरे, छऱ्याचा व्यास सुमारे ६.७५ मिमी, पिच व्यास २८.५ मिमी. शाफ्टच्या एका फेरीत बाहेरच्या रेसवरच्या बिंदूवरून सरासरी ३.०५ छरे जातात, आतल्या रेसवरच्या बिंदूवरून ४.९५. बेरीज आठ, म्हणजे छऱ्यांची संख्या. आकडेमोड तपासायची ही सोपी युक्ती.

शाफ्टचा वेग मोजणारा टॅकोमीटर १४५२ आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) दाखवतोय, म्हणजे सेकंदाला २४.२ फेऱ्या, २४.२ हर्ट्झ. खाचेचा ठोका त्या हिशोबाने ७३.९ हर्ट्झला यायला हवा. सरळ एफएफटी (आवाजात कुठली वारंवारता किती आहे ते दाखवणारी आकडेमोड) काढली की तिथे काहीच नाही! डोळ्यांत भरतो तो १०० हर्ट्झचा सुळका. पुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे मोटरची चुंबकीय गुणगुण त्याच्या दुपटीवर येते. बाकी खालच्या पट्ट्यात पंख्याच्या हवेचा गोंधळ.

छरा खाचेवर आदळतो तो धक्का अगदी क्षणिक असतो. त्याची बहुतेक ऊर्जा ७३ हर्ट्झवर नसतेच. तो धक्का हाउसिंगला काही किलोहर्ट्झवर झणझणवतो. घंटेवर टोले पडावेत तसं: टोले सेकंदाला ७३, पण नाद घंटेचा स्वतःचा. म्हणून आधी वरचा पट्टा गाळून घ्यायचा, हिल्बर्ट रूपांतर या गणिती युक्तीने त्याचा एन्व्हलप (आवाजाच्या चढउताराची बाहेरची रेषा) काढायचा, सरासरी वजा करायची आणि मग एफएफटी.

पट्टा कुठला घ्यायचा, सगळी मेख तिथे आहे. मी प्रत्येक पट्ट्याचा कर्टोसिस (आवाज किती टोकदार उसळ्या मारतो याचं माप) काढून पाहिला. निव्वळ गॉसियन गोंगाटाचा कर्टोसिस ३ येतो. अधूनमधून ठोके असले की तो वर चढतो. माझ्या मांडणीत ४ ते ६ किलोहर्ट्झचा पट्टा स्पष्ट वर आला, बाकीचे तीनच्या आसपास लोळत होते. (संशोधक जेरोम आंतोनींचा कर्टोग्राम हीच शोधाशोध पद्धतशीर करतो. पण हाताने एकदा करून बघाच, आपलं मशीन कळतं.) त्या पट्ट्याच्या एन्व्हलपमध्ये ७३.१, १४६.३ आणि २१९.४ असे तीन सुळके ओळीने उभे राहिले. हिशोबापेक्षा टक्काभर कमी, कारण छरे नुसते लोळत नाहीत, थोडे घसरतातही. त्यामुळे कोडमध्ये नेमका आकडा न शोधता दोन टक्के इकडेतिकडे सवलत ठेवलीय.

मायक्रोफोनबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: मोबाइलच्या नेहमीच्या रेकॉर्डिंग अ‍ॅपच्या नादी लागू नका. त्यातलं ऑटो गेन आणि नॉइज सप्रेशन बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून असतं. आपल्याला हवे तेच ठोके ते चेपून टाकतं. साधा मेम्स माइक (चिपवरचा इवलासा मायक्रोफोन), ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, कॉम्प्रेस न केलेली वेव्ह फाइल, बस. माइक पंख्याच्या विरुद्ध बाजूला, बेअरिंगपासून वीतभर अंतरावर. मीटरभर लांब नेला की भिंतींवरून परतणारा आवाज ठोक्यांमधल्या फटी भरून काढतो आणि कर्टोसिस खाली येतो.

मशीन लर्निंग कधी, असं विचारणाऱ्यांसाठी: इतक्यात नाही. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा बिघडलेल्या बेअरिंगांच्या नोंदींचा प्रसिद्ध डेटासेट अ‍ॅक्सेलरोमीटरचा (कंपन मोजणाऱ्या सेन्सरचा) आहे, मायक्रोफोनचा नव्हे. शिवाय एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे ट्रेनिंगला आणि टेस्टला वाटून घेतले, तर ९९ टक्के अचूकता येण्यात नवल काय? मॉडेल बिघाड नव्हे, ते रेकॉर्डिंग ओळखत असतं.

पुढची पाळी आतल्या रेसची. तिची खाच शाफ्टबरोबर फिरत भाराच्या भागात आत-बाहेर करते, म्हणून तिच्या ठोक्याच्या, म्हणजे ११९.७ हर्ट्झच्या, दोन्ही बाजूंना २४.२ अंतरावर, ९५.५ आणि १४३.९ ला, जोडसुळके दिसायला हवेत. ९५.५ मात्र त्या १०० च्या फार जवळ. एन्व्हलपमध्येही १०० डोकावलाच, तर तीच नोंद वीज तोडून, मोटर स्वतःच्या गतीने थांबत असताना घेईन. तेव्हा चुंबकीय गुणगुण नसते, पण वेग सतत उतरत असतो, त्यामुळे नमुने वेळेऐवजी शाफ्टच्या कोनानुसार मांडावे लागतील. त्यासाठी टॅकोचा पल्स दुसऱ्या चॅनेलवर जोडायचं काम सुरू आहे.