शेजारच्या आजींची पर्स

“आत आणू, की घरी ठेवून येऊ?” शेजारच्या आजींनी दारातच उभं राहून विचारलं. मला वाटलं बुटांबद्दल विचारतायत, म्हणून म्हटलं असू द्या हो, काढले तरी चालतील, नाही काढले तरी चालतील. तर त्यांनी खांद्यावरची तपकिरी पर्स दोन बोटांनी टकटक वाजवली. मागे हॉलमध्ये ११ बायका काळ्या साड्या नेसून बसलेल्या, लुटायला आणलेले स्टीलचे डबे, पोरांचा धुडगूस, तिळगुळाची ताटली कुणीतरी नुकतीच सांडलेली, आणि दारात ७८ वर्षांच्या अमेरिकन बाई पर्समध्ये भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन मला परवानगी मागतायत.

त्यांच्या पर्समध्ये काय असतं हे मला गेली चार वर्षं माहितीये. हादरले ते त्यांच्या विचारण्याने. कारण ह्या टेक्सासमध्ये असं कुणी विचारत बसत नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून इथे २१ वर्षांवरच्या माणसाला, कायद्याने वेगळी बंदी नसेल तर, लायसनशिवाय गन जवळ बाळगता येते. दूध घ्यायला रांगेत उभं राहिलं की पुढच्याच्या कमरेला दिसते आणि तो दाढीवाला इसम कूपन शोधत असतो, बस. सुरुवातीला मी रांग बदलायचे. आता नाही बदलत, त्याचं मला अधूनमधून वाईट वाटतं.

आजी मात्र जुन्या वळणाच्या. त्यांच्याकडे लायसन आहे, २०२१ नंतरही त्या ते रिन्यू करतात, दुसऱ्या राज्यात मुलाकडे जाताना उपयोगी पडतं म्हणून. आणि कुणाच्या घरात शिरताना विचारतात. पण विचारल्यावर मी उत्तर काय द्यायचं? घरी ठेवून या म्हणावं तर शेजारधर्म आडवा येतो, आत आणा म्हणावं तर हॉलमध्ये सात पोरं. माझ्या तोंडातून निघालं, “वर बेडरूममध्ये कपाटात ठेवूया.” आणि आम्ही जिना चढलो, मागून आई पण चढली. आई सहा महिन्यांसाठी आलेली आहे आणि तिला काय चाललंय ते कळल्याशिवाय खाली चैन पडलं नसतं.

आजींनी पलंगावर पर्स ठेवली, आतून चामड्याचं छोटं म्यान काढलं, त्यातून रिव्हॉल्व्हर. आधी नळी भिंतीकडे केली. मग अंगठ्याने एक बटण मागे ओढलं, गोळ्यांचं चाक बाजूला आलं, आणि सहाच्या सहा काडतुसं चादरीवर ओतली. सगळं न बघता, आपण लसूण सोलतो तसं. गोळ्या पर्सच्या चेनच्या कप्प्यात, रिव्हॉल्व्हर कपाटात वरच्या कप्प्यात स्वेटरच्या मागे. मधल्या अर्ध्या मिनिटात मी ती वस्तू पहिल्यांदा एवढ्या जवळून बघितली.

कोल्ट कंपनीचं डिटेक्टिव्ह स्पेशल. हे मॉडेल निघालं १९२७ साली, साध्या कपड्यातल्या पोलिसांना कोटाच्या खिशात मावावं म्हणून, नळी फक्त दोन इंच. आजींचं १९५८ सालचं, त्यांच्या वडिलांनी घेतलेलं, ते तेलाच्या विहिरींवर रात्रपाळीला राखणीला असायचे. वजन साधारण ६०० ग्रॅम, म्हणजे घरातल्या मोठ्या आडकित्त्यापेक्षा जास्त पण खलबत्त्यापेक्षा बरंच कमी. काळपट निळी झाक नळीच्या टोकाला म्यानात घासून घासून गेलीये, तिथे नुसतं पांढरं पोलाद दिसतं. मुठीला अक्रोडाचं लाकूड, त्यावर बारीक चौकटींची जाळी कोरलेली, आणि उजव्या बाजूची जाळी तळहाताने पार गुळगुळीत झालेली. मुठीवर चांदीसारखा छोटा बिल्ला, त्यात दोन पायांवर उभं राहिलेलं शिंगरू. आईने चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाकून बघितलं आणि म्हणाली, “अगो, घोड्यावर घोडा काढलाय बघ.” हे आजींना इंग्लिशमध्ये समजावताना माझी दमछाक झाली, कारण आपल्याकडे बंदुकीत गोळीवर आपटणाऱ्या खटक्याला पण घोडाच म्हणतात हे सांगितल्याशिवाय त्यात काही गंमतच नाही.

आता इथेच मी फसले. मला बंदुका आवडत नाहीत. २४ मे २०२२ ला उवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, ते गाव ह्याच राज्यातलं, त्या आठवड्यात मी आजींच्या अंगणाकडे बघितलं सुद्धा नाही. माझी धाकटी दुसरीत असताना लॉकडाऊन ड्रिलमध्ये (शाळेत बंदूकवाला घुसला तर काय करायचं त्याची तालीम) टेबलाखाली चिडीचूप कसं बसायचं ते शिकून आली आणि घरी येऊन तिने भावलीला शिकवलं. हे सगळं मला माहिती आहे. आणि तरी ते १९५८ सालचं चाक बोटाने फिरवल्यावर जो एकसारखा बारीक आवाज आला तो मला, खोटं कशाला बोलू, आवडला. माझ्या आजीच्या शिवणयंत्राचा आवडायचा तसा.

त्यानंतर मी जरा जास्तच वाचलं ह्याच्यावर. नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण दर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जातो, त्यालाही पिडलं. त्याचं म्हणणं सरळ आहे: म्हाताऱ्या बाईने आजीच्या जमान्यातली गन बाळगणं म्हणजे रोजच्या ऑफिसला पद्मिनी फियाट घेऊन जाणं. (फियाट मी घातली, तो कसलातरी जुना पिकअप म्हणाला होता.) त्याच्या ग्लॉक १९ पिस्तुलात १५ गोळ्या, हिच्यात सहा. जुन्या कोल्टच्या आत इंग्रजी व्हीच्या आकाराची पट्टी-स्प्रिंग असते, हल्ली ती दुरुस्त करणारे कारागीर फार कमी राहिलेत. आतले चाक फिरवणारे भाग झिजले की ‘टायमिंग जातं’, म्हणजे चाप ओढल्यावर गोळीचं घर नळीसमोर बरोबर येत नाही, केसभर बाजूला थांबतं. हल्लीच्या जास्त दाबाच्या, प्लस पी म्हणतात त्या गोळ्या जुन्याला घालू नयेत. आणि सगळ्यात खरा मुद्दा त्याने शेवटी सांगितला, की खरंच कधी चालवावी लागलीच, अगदी कायद्यात बसणारी, तरी पोलीस ती पुरावा म्हणून घेऊन जातात. बापाची आठवण प्लास्टिकच्या पिशवीत, परत कधी मिळेल कुणी सांगावं.

हे मी आजींना बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मला माझा हात माहिती आहे. पिस्तुलाची वरची सरक मागे ओढायला त्यांच्या सांधेदुखीच्या बोटांत जोर नाही. रिव्हॉल्व्हरला ती भानगडच नाही, भरलं की भरलं. १८७३ सालच्या त्या काउबॉयवाल्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं असून शहाणी माणसं पाचच भरायची, कारण घोडा थेट गोळीवर टेकायचा, खाली पडलं की बार उडू शकायचा. ह्यांच्यात घोड्याच्या आड एक पोलादी पट्टी येते, चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती हटत नाही, म्हणून सहाच्या सहा भरता येतात. दर महिन्याला त्या रिकामं करून घोडा सावकाश मागे घेतात आणि कान देतात, चाक जागेवर बसल्याची टिक घोडा पूर्ण मागे जायच्या आधी आली पाहिजे. वर्षातून दोनदा रेंजवर जाऊन ५० गोळ्यांचं एक खोकं संपवतात. माझ्या ओळखीत इतक्या निगुतीने एखादी वस्तू सांभाळणारं दुसरं कुणी नाही, आणि ह्यात मी स्वतःला धरते, माझ्या मिक्सरचं रबर दोन वर्षं गळतंय.

पर्समध्ये ठेवणं मात्र मला पटत नाही, त्याच पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या असतात आणि माझी धाकटी त्या पेपरमिंटसाठी त्यांच्या मागे मागे असते. हे मी स्पष्ट बोलले. तेव्हापासून पेपरमिंट कोटाच्या खिशात आल्या. पर्स तीच.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कौतुक कशाला. तर २०२१ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. नवरा कामासाठी बाहेरगावी, रात्री पावणेदोनला मागच्या दाराशी धडपड सुरू झाली, कुणीतरी कडी हलवतंय असा आवाज. आमची वस्ती शहराच्या हद्दीबाहेर, शेरीफच्या ऑफिसची गाडी येते, येत नाही असं नाही, पण येईपर्यंतची मिनिटं आपली आपल्याला मोजायची असतात. मी ९११ लावला आणि दुसऱ्या फोनवरून आजींना. चौथ्या मिनिटाला त्यांच्या व्हरांड्याचा दिवा लागला आणि आजी गाऊनवर कोट चढवून, पायात सपाता, खांद्याला ती पर्स, आमच्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. पर्समधून काही काढलं नाही. नुसत्या मोठ्याने ओरडल्या, “कोण आहे तिकडे!” कचऱ्याच्या डब्यातून दोन रकून पळाले. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात तीन वाजेपर्यंत चहा पीत बसलो, आणि पर्समध्ये काय आहे ते मला तेव्हा कळलं.

गावाकडे हा किस्सा सांगितला की सगळे एकच म्हणतात, “बापरे, कसल्या देशात राहता.” तेव्हा मला राग येतो. अहो, आपल्या घरात काय होतं? आजोबांची ठासणीची बंदूक माजघरात खुंटीला टांगलेली असायची. शेतीच्या रक्षणाचा परवाना होता, माकडं आणि डुकरं भाताची, नारळांची वाट लावायची म्हणून. नळीत दारू ओतायची, चिंधी, मग छर्रे, गजाने ठासायचं, केप बसवायची, तोपर्यंत डूकर शेजारच्याच्या शेतात जेवून मोकळं. खंडेनवमीला कोयता, पहार, आईचं शिवणयंत्र आणि ती बंदूक एकाच पाटावर, झेंडूची फुलं वाहून. तेव्हा कुणी बापरे म्हटलं नाही.

हे वाक्य तावातावाने लिहिलं खरं, पण त्यातली मेख मलाही माहितीये. ती बंदूक कधी कुणी बाजारात नेली नाही. निवडणूक आली, आचारसंहिता लागली की आजोबा ती खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे आणि निकालानंतर परत आणायचे, पावती पोथीत ठेवलेली असायची. ते गेल्यावर बंदूक जमा झाली ती झालीच, काकाने वारसाच्या परवान्यासाठी दोन हेलपाटे घातले आणि नाद सोडला. आणि गंमत अशी, की तसली ठासणीची बंदूक इथल्या केंद्रीय कायद्याच्या लेखी बहुतेक वेळा बंदूकच नाही. १८९८ सालच्या किंवा त्याआधीच्या हत्यारालाही तीच सूट. आमच्याकडे ठाण्यात सही करून ठेवायची चीज, इथे कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही.

पण इथल्यांना नियम नसतात असं कुणी समजू नका, त्यांचे नियम पाटीत असतात. दुकान असो, देऊळ असो, आत गन नको असेल तर ३०.०६ आणि ३०.०७ अशी कलमं लिहिलेल्या पाट्या लावायच्या, इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षरं निदान इंचभर उंच, रंग उठून दिसले पाहिजेत. एक झाकून नेणाऱ्यांसाठी, एक उघड नेणाऱ्यांसाठी. लायसन नसलेल्यांसाठी ३०.०५ ची आणखी वेगळी. आमच्या मंडळाच्या गणपतीत हॉलच्या दाराला ह्या सगळ्या पाट्या आणि त्यांच्या खाली ‘चपला इथे काढाव्यात’. एका काकांनी गंभीरपणे विचारलं, ह्या मराठीत पण लावायच्या का. कुणी हसलं नाही, दहा मिनिटं चर्चा झाली.

आमचं स्वतःचं म्हणाल तर ११ वर्षं प्रश्नच नव्हता. एच-१बी सारख्या व्हिसावर गन बाळगणं केंद्रीय गुन्हा, राज्य काहीही म्हणो. त्याला पळवाट पण अशी, की शिकारीचं लायसन असेल तर चालतं. नवऱ्याच्या टीममधल्या एका शुद्ध शाकाहारी मुलाकडे शिकारीचं लायसन आहे, दर ३१ ऑगस्टला संपतं आणि तो न चुकता नवीन काढतो, आयुष्यात त्याने ढेकूण मारला नसेल. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं आणि ही अडचण पण गेली. बरी होती ती अडचण, कुणी विचारलं तर सांगायला.

हळदीकुंकू आटोपून बायका गेल्यावर आजी रिव्हॉल्व्हर घ्यायला वर आल्या. आईने मला पुढे केलं, “विचार तिला, तेल कुठलं घालते.” आजी म्हणाल्या, शिवणयंत्राचं. आई एवढी खूश झाली की तिने परत खाली जाऊन त्यांना आणखी एक डबा दिला. मग आजी काडतुसं एकेक करून घरात बसवत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, की मुलाला हे नकोय, तो डेन्व्हरला असतो, त्याच्या हातात गेलं की महिन्याभरात विकेल, तर तू ठेवशील का. आत्ता नाही, नंतर.

मी काहीतरी ‘अजून खूप वर्षं आहेत त्याला’ छाप बोलले. रात्री बघितलं, टेक्सासमधल्या माणसाने टेक्सासमध्येच राहणाऱ्याला, त्याला कायद्याने बंदी नसेल तर, स्वतःची गन दिली तर ना फॉर्म, ना नोंद, ना पावती. दुकानातून घेतली तर फॉर्म ४४७३ आणि पडताळणी. आजीने नातीला पाटल्या द्याव्यात तसं सरळ हातातून हातात. मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, आईला सांगितलंय. ती म्हणाली, आठवण म्हणून ठेवायची तर गोळ्या कशाला लागतात, नुसती ठेव, दसऱ्याला पुजू. मला हे पटलंय असं मी स्वतःला सांगतेय.

काल पोरं शाळेत गेल्यावर ते कपाट उघडून बघितलं. वरच्या कप्प्याला कुलूप बसायची सोयच नाही.