पैठण ते तेर: तेरणाकाठचा मुक्काम आणि लामतुरे संग्रहालय

कॅम्परवाल्या मंडळींसाठी थंडीतल्या मराठवाडा फेरीची नोंद. यंदाचा मार्ग पैठण, बीड, येडशी, तेर. तो ठरवण्यामागे जुनं कारण आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठण भडोचच्या दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर आणि तगर हे मोठं शहर तिथून पूर्वेला १० दिवसांवर असल्याचं सांगितलंय. पैठणचे मौल्यवान दगड आणि तगरचं साधं कापड, मलमल हा माल रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोच बंदरात जायचा. हे तगर म्हणजे आपलं तेर, असं शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं. गाडीतच झोपणाऱ्या, गाडीतच स्वयंपाक करणाऱ्या माणसाला दुसऱ्या कुठल्या वाटेची ओढ वाटणार?

पैठण ते तेर अंतर सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर. दहा दिवसांत म्हणजे दिवसाला पंधरा. लादलेल्या बैलगाडीची चाल तेवढीच असते, त्यामुळे तो जुना आकडा मला अगदी खरा वाटतो. आम्ही गोदाकाठी सकाळचा चहा घेऊन निघालो आणि ऊन उतरायच्या आत तेरला पोचलो. बीडच्या पुढे महामार्ग चांगला आहे. येडशीहून आत वळल्यावर वेग कमीच ठेवा, उंच गाडीत कपाटं फार हलतात.

मुक्काम तेरणेच्या काठी, एका शेतकरी आजोबांच्या परवानगीने. व्हॅन बघून ते आधी चाकांकडे वळले. म्हणाले, “बाळांनो, गाडी ह्या मुरमावरच ऱ्हाऊ द्या. काळीत घातली अन् रात्री शिरवा आला, तर सकाळी ट्रॅक्टर बोलवावा लागंल.” मराठवाड्यात नदीकाठी थांबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवाच. काळी माती वरून कोरडी, कडक दिसते, पण थोड्या पावसानेही चाक धरून ठेवते. दुसरं म्हणजे नदीच्या पात्रात कधीही गाडी उतरवू नका, पाणी कितीही कमी दिसो. वर धरण असेल तर विसर्ग तुम्हाला विचारून सुटत नाही.

विजेचा हिशेब यंदा मनासारखा जमला. लिथियम बॅटरी १०० अँपिअर-अवर, १२.८ व्होल्ट, म्हणजे १,२८० वॉट-अवर. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४५ वॉट घेतो आणि थंडीत दिवसाचा तिसरा हिस्साच चालतो, म्हणून फ्रिजचा खर्च ३६० वॉट-अवर धरते. दिवे, मोबाईल, पाण्याचा पंप मिळूनही बॅटरी अर्ध्याच्या खाली जात नाही. भांड्यांचं सांडपाणी मात्र वेगळ्या टाकीतच साठवतो. नदीत एक थेंबही जाऊ द्यायचा नाही.

आता तेरबद्दल. माझा आग्रह असा, की संग्रहालयात शिरायच्या आधी गावात आणि नदीकाठाने फिरा. जुनी वस्ती जिथे होती ती पांढरीची टेकाडं बघा. त्यांच्यावर गाडी चढवायची नाही आणि तिथलं खापर उचलायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. मग विटांचं त्रिविक्रम मंदिर बघा. गाभाऱ्याची मागची बाजू अर्धगोल, वर गजपृष्ठाकार छत, जणू लेण्यातला चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, बाहेर येऊन उभा राहिलाय. इथल्या जुन्या विटा इतक्या सच्छिद्र आणि हलक्या, की पाण्यावर तरंगतात. गोरोबाकाकांच्या गावात मातीचं कसब काकांच्याही हजार वर्षं आधीपासूनचं आहे, याचा मला फार आनंद झाला.

हे सगळं डोळ्यांत ठेवून रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात जा. लामतुरे तेरचेच. गावात सापडलेल्या वस्तू त्यांनी जिवापाड जमवल्या, म्हणून त्या तेरलाच राहिल्या. सातवाहनकालीन नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, साच्यातून काढलेल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती, उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट. चौकटीपुढे वेळ काढा. एवढं जुनं लाकूडकाम महाराष्ट्रात फार कमी ठिकाणी टिकलंय.

मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी. इटलीत पाँपेईच्या उत्खननात १९३८ साली अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच तिकडे पोचली होती. ती नेमकी कुठे घडली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण तेर आणि भोकरदनच्या मूर्तींशी तिचं साम्य आहे. आदल्या रात्री नदीकाठी झोपलेलं असलं की काचेपलीकडची वस्तू परकी वाटत नाही. ती वापरणारी बाई याच तेरणेचं पाणी प्यायली असेल, हे तिथे उभं राहून मनाला पटतं.

संग्रहालयाला अर्धा दिवस द्या. तासाभरात उरकायचं असेल तर तेरला वाट वाकडी करू नका.

पुढचा बेत भोकरदनचा, केळणा नदीच्या काठाने. त्याआधी छताच्या पॅनलचा कोन बदलता येईल अशी चौकट बसवून घेते आहे. थंडीत सूर्य दक्षिणेला झुकतो तेव्हा आडव्या पॅनलला कमी ऊन मिळतं. वेल्डिंगचं काम झालं की मापं इथेच देईन. त्या बाजूला मुरमाची जागा कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.