पहिला अ‍ॅम्प्लिफायर का बदलला, हे तुम्ही विचारलेत म्हणून

घरी पहिलाच स्टिरिओ घ्यायला निघालेली माणसे मला दोन प्रश्न हमखास विचारतात: अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा घ्यावा, आणि तुम्ही तुमचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर इतक्या लवकर का बदललात? पहिल्याचे उत्तर मला आता तोंडपाठ आहे. दुसऱ्याला मी ‘आवाजात दम नव्हता’ एवढे सांगून बगल देत आलो. ही दोन उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, हे ऐकणाऱ्यांच्या लक्षात येते आणि तोच प्रश्न पुन्हा येतो.

तोंडपाठ उत्तर आधी देतो, कारण त्यावर माझा आजही विश्वास आहे. आधी खोली पाहावी, मग स्पीकर निवडावेत आणि त्यांना पेलेल असा अ‍ॅम्प्लिफायर शेवटी घ्यावा. स्पीकरची संवेदनशीलता ८५ डेसिबल असेल, तर ८ ओहमच्या (ओहम म्हणजे विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचे माप) स्पीकरला १ वॉट मिळाल्यावर १ मीटर अंतरावर तेवढा आवाज होतो, आणि घरातले नेहमीचे ऐकणे बहुधा काही मोजक्या वॉटमध्येच भागते. शक्ती दुप्पट केली तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ३० वॉट सोडून १०० वॉट घेणाऱ्याच्या पदरात जेमतेम ५ डेसिबल पडतात. त्यापेक्षा ८८ डेसिबलचा स्पीकर निवडला, तर तेवढाच आवाज निम्म्या शक्तीत मिळतो. स्पीकर ४ ओहमचा असेल तर तो जास्त विद्युतप्रवाह मागतो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमला चालतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात आधी पाहावे. बाकी आकड्यांवर मी वेळ घालवत नाही.

आता गंमत अशी की मी स्वतः ३० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर देऊन १०० वॉटचा घेतला.

संच जोडला त्या संध्याकाळी मी घाईत होतो. स्पीकर कपाटाच्या कडेला होते, मागे हात जेमतेम जात होता आणि वायरच्या दोन तारांतल्या एकीवर असलेली बारीक रेघ त्या उजेडात दिसण्यासारखी नव्हती. (ही सबब मी स्वतःला अनेकदा ऐकवली आहे, आणि ती अगदीच खोटी नाही.) आवाज लागला तेव्हा तबल्याचा बायाँ जणू खोलीबाहेर राहिला होता. गाणारा समोर, दोन स्पीकरांच्या मधोमध बसलेला वाटायला हवा होता. तो कुठेच बसलेला वाटेना, त्याचा आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा यायचा. हे मला खटकायला हवे होते. उलट मी पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो, ‘बघा, आवाज कसा चारही बाजूंनी येतो.’ खर्ज मात्र येत नव्हता आणि त्याचा दोष मी ३० वॉटच्या माथी मारला. तेव्हा माझे म्हणणे असे होते की स्पीकर कमी संवेदनशील आहेत, तर त्यांना बळ हवेच. ते म्हणणे अडाण्याचे नव्हते, असे मला अजूनही वाटते. फक्त ते तपासून पाहायला हवे होते, आणि मी थेट नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला. तो जोडताना तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूने काढून तशाच लावल्या, स्पीकरच्या बाजूला हात लावलाच नाही. खर्ज तेवढाच पातळ राहिला. मी मात्र महिनाभर ‘फरक पडला’ असे म्हणत होतो.

जुना अ‍ॅम्प्लिफायर एका मित्राने घेतला. देताना मी त्याला बजावले होते, ‘याच्याकडून खर्जाची फार अपेक्षा ठेवू नकोस.’ काही आठवड्यांनी त्याच्या घरी गेलो, तर त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर बायाँ असा घुमत होता की मी बोलता बोलता थांबलो. त्याची खोली वेगळी, स्पीकरही मोठे, अशी समजूत घालत घरी आलो आणि त्याच रात्री बॅटरी घेऊन कपाटामागे वाकलो. डाव्या स्पीकरला रेघेची तार लाल टोकात होती, उजव्याला काळ्या; दोन्हीकडे ती एकाच रंगाच्या टोकात हवी होती. एकाचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई, आणि दोघांचा खर्ज हवेतच एकमेकांना खाऊन टाकी. दोन तारांची अदलाबदल करायला मिनिटसुद्धा लागले नाही. गाणारा मधोमध येऊन बसला. मी गाणे बंद केले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

मग नवा अ‍ॅम्प्लिफायर वाया गेला का? मला तसे म्हणवत नाही. मोठ्या आवाजात, विशेषतः अचानक येणाऱ्या आघातांना, तो मोकळा वाटतो. पण हे मी जुन्याशी ताडून कधी ऐकलेले नाही. खरी तुलना करायची तर दोन्हींची पातळी मीटरने मोजून सारखी करावी लागते, कारण किंचित मोठा वाजणारा संच कानाला बहुधा सरस वाटतो. त्यासाठी जुना अ‍ॅम्प्लिफायर एका संध्याकाळपुरता मागून आणावा लागेल आणि तो कशाला हवा, हे मित्राला सांगावे लागेल. ते मी अजून सांगितलेले नाही.

परवा त्यानेच विचारले की खर्ज अजून भरदार हवा असेल तर त्यानेही १०० वॉटचा घ्यावा का. मी त्याला दोन्ही स्पीकर मागच्या भिंतीच्या वीतभर जवळ सरकवायला सांगितले.

‘आणि तारा एकदा बघून घे,’ असेही म्हणालो. तो म्हणाला, ‘त्या पहिल्याच दिवशी पाहिल्या होत्या.’